स्वीडन गुरुजी

फिनलंड हा देश मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या दुकानाच्या काउंटरवर, सांडलेल्या चहात.

कर्नाटकात, पण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या कमलनगरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, वास्तुशांती, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. फक्त फुलं बदलावी लागतात. त्या सकाळी मन्मथ गुरुजी आले, स्टुलावर बसले, अर्धा चहा प्यायले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं,

"प्रिंटर, स्वीडन कुठं हाय सांग बरं."

ते मला नावानं कधी हाक मारत नसत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, आणि जो त्यांचा विद्यार्थी नव्हता त्याला ते धंद्यावरून ओळखत.

"बियाण्याची कंपनी हाय का, गुर्जी? सोयाबीनची?"

ते चिडले नाहीत. बशी तिरपी केली, उरलेल्या चहाचा ओघळ काचेवर सोडला आणि बोटानं त्याला आकार द्यायला लागले. काचेखाली नमुन्याच्या लग्नपत्रिका होत्या. कुण्या वधूवरांच्या मधोमध समुद्र आला.

"ह्यो फिनलंड. मधी दर्या. पलीकडं स्वीडन. आता फिनलंडच्या किनाऱ्याला काही लोक हायत, ते घरात बोलतेत स्वीडिश. पिढ्यान्‌पिढ्या. समजलं?"

"म्हंजे आपलंच गाव की."

"थांब. त्यांची एक पार्टी हाय. लहान हाय, पण कुठलंबी सरकार येवं, बहुतेक येळा ही पार्टी आत असती. अन् ती पार्टी काय मागत न्हाई, सांग?"

"काय मागत न्हाई?"

"आमाला स्वीडनात न्या म्हणून मागत न्हाई!"

काउंटरवर थाप पडली आणि फिनलंड माझ्या शर्टावर आला.

गुरुजी मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला. तेव्हा मोठी पंचाईत झाली, कारण माझ्याकडच्या त्यांच्या प्रत्येक फोटोत ते हसत होते आणि श्रद्धांजलीला हसरा फोटो आमच्याकडे चालत नाही. शेवटी पेन्शनच्या फॉर्मावरचा फोटो मोठा केला. त्यात ते कुणीतरी दुसरेच दिसतात.

गुरुजींचं गाव संतपूरपासून थोडं आत. तिथल्या दोन खोल्यांच्या सरकारी मराठी शाळेत ते शिकले, तिथेच त्यांनी आयुष्यभर शिकवलं आणि तिथूनच रिटायर झाले. रिटायर झाल्यावर शाळेतली मुलं कमी व्हायला लागली. कुणी इंग्रजीच्या पिवळ्या बसमध्ये बसलं, कुणी उदगीरला मामाकडे गेलं. शेवटी एकोणीस उरली. ही शाळा आपल्या डोळ्यांदेखत बंद पडू नये, एवढीच गुरुजींची इच्छा होती. त्यांचं सगळं राजकारण, फिनलंडसकट, त्या दोन खोल्यांसाठी होतं.

स्वीडनची बातमी त्यांना एका लग्नात लागली. त्यांचा एक जुना विद्यार्थी फिनलंडात कॉम्प्युटरचं काम करतो. तो बहिणीच्या लग्नाला गावी आला आणि गुरुजींच्या तावडीत सापडला. त्यानं सहज सांगितलं की तिकडं रस्त्याच्या पाट्यांवर दोन ओळी असतात, ज्यांची वस्ती जास्त त्यांची भाषा वर, दुसऱ्यांची खाली. आणि माणसाची भाषा कोणती ते सरकारी वहीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं, त्यावरून शाळा ठरते. गुरुजींनी त्याला दोन तास सोडलं नाही. पंगती उठल्या, आचारी भांडी घासायला बसले, आणि परदेशातून आलेला भाऊ बहिणीच्या लग्नात उपाशी राहिला.

"आपल्याला वरची ओळ नको, प्रिंटर," गुरुजी मला सांगत. "वर कानडी राहू दे. ते घरधनी हायत. आपल्याला खालची ओळ पाहिजे. बारीक अक्षरात दिली तरी चालंल."

आमच्या भागात मराठीचं राजकारण म्हणजे एकच गोष्ट, तिकडं महाराष्ट्रात जायचं. आणि त्याला उत्तरही एकच, इकडं राहायचं तर गप राहा. गुरुजींनी तिसरंच काढलं. इथंच राहायचं, आणि गप राहायचं नाही. त्यांनी पक्ष काढला, 'आम्ही इथलेच'. त्याची नोंदणी कुठेच झाली नाही. सभासद तीन. एक गुरुजी. दुसरा सुभाष, बौद्ध गल्लीतला, त्यांचा हुशार विद्यार्थी; तो बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक भागात एका गोदामात काम करतो आणि सुट्टीला गावी येतो. तिसरा मी. मला न विचारता घेतलं होतं, कारण मशीन माझ्याकडे होतं.

लोक त्यांना स्वीडन गुरुजी म्हणू लागले. पोरं रस्त्यात थांबवून विचारायची, "गुर्जी, स्वीडनात पाऊस झाला का?" गुरुजी थांबायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "तिकडं बर्फ पडायलाय बाळा. तुझ्या बापाला सांग, तूर झाकून ठेव."

आता त्यांची एक सवय सांगायला हवी. गुरुजी कधी आधी बोलत नसत. एसटीत, कचेरीत, बाजारात ते समोरच्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघत आणि मग त्याच्याच भाषेत सुरू होत. हुमनाबादच्या माणसाशी कानडी, जहिराबादच्याशी तेलुगू, जीपवाल्या शफीभाईशी अशी दखनी की शफीभाई त्यांना पुढच्या सीटवर बसवी. मराठी ते त्याच्याशीच बोलत जो मराठीत सुरुवात करी.

हे त्यांनी नुसतं केलं नाही, शिकवलं. शनिवारी सकाळी गुरुजी वर्गाबाहेर जात, दार लावून घेत आणि बाहेरून कडी वाजवत. कधी ते हुमनाबादची कासारीण होत, डोक्यावर उपरणं घेऊन, कमरेला हात लावून. कधी हैदराबादचे मुनशी. मुलांनी दार उघडून त्या पाहुण्याला त्याच्या भाषेत आत बोलवायचं, पाणी विचारायचं, बसायला द्यायचं. जो मराठीत बोलला तो नापास.

"दारात आलेला माणूस आधीच अवघडलेला असतो," ते मुलांना सांगत. "त्याला आपल्या भाषेनं आणखी अवघडवू नका."

मराठी शाळेत हा विषय शिकवणारा माणूस मराठीचा पक्ष चालवणार होता. मला तेव्हा फार मजा वाटली होती.

पक्षाची पहिली सभा कमलनगरला झाली. श्रोते सात. त्यातले दोघे ती मोडायला आले होते, आणि ते एकमेकांचे विरोधक होते. एक सीमेपलीकडून आलेला तडफदार कार्यकर्ता. त्याचं म्हणणं, तिकडं नेण्याची मागणी सोडणारा गद्दार. दुसरा इथला कानडीप्रेमी तरुण. त्याचं म्हणणं, मराठीचा पक्ष म्हणजे फुटीरपणा. गुरुजींनी पहिल्याला मराठीत समजावलं, दुसऱ्याला कानडीत, आणि माझ्या काउंटरवर दोघांनाही चहाचा फिनलंड काढून दाखवला. तासाभरानं ते दोघे एकाच टपरीवर एकमेकांना तंबाखू मळून देत होते. सभा मोडली नाही. पण ती झाली असंही म्हणता येत नाही, कारण बाकीचे पाच तोवर निघून गेले होते.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं, जे वाट्याला येईल ते घ्यायचं. गुरुजींच्या वाट्याला कंगवा आला. त्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता. मी फ्लेक्सवर कंगवा त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर छापला. सुभाष माझ्यावर भडकला, पण गुरुजी म्हणाले, "राहू दे. हसतील, पण बघतील तर."

मतं पडली तेवीस. रात्रीच्या जेवणाला आम्ही त्यांच्याकडे होतो. शांताक्का, म्हणजे गुरुजींची बायको, भाकरी वाढताना शांतपणे म्हणाल्या, "चोवीस झाली असती. मी न्हाई टाकलं."

"कामून?" गुरुजी घास हातात घेऊन थांबले.

"मी भालकीची हाय. माझ्या माहेरी कानडी. तुमच्या पार्टीत माझं काय हाय?"

शांताक्कांनी चाळीस वर्षं त्यांच्याशी मराठीत संसार केला होता. गुरुजी दोन दिवस हसत होते. ज्याला त्याला थांबवून सांगत, "घरातच अल्पसंख्याक निघाली की रे! आता हिला खालची ओळ द्यावी लागंल."

इथपर्यंत मी ही गोष्ट रंगवून सांगतो, बसस्टँडवर लोक हसतात. पुढचं सांगायला मला आवडत नाही.

तालुक्याच्या कचेरीतून हुकूम आला. गावातल्या घराघरात जाऊन विचारायचं, घरची भाषा कोणती आणि मुलाला कोणत्या माध्यमात शिकवायचं. मराठीची घरं पुरेशी भरली तर शाळेवरचा शिक्षक राहील, नाही तर एकोणीस मुलं शेजारच्या कानडी शाळेत जातील. गुरुजी कागद घेऊन माझ्याकडे धावत आले. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ते त्यांना कळलंही नव्हतं.

"प्रिंटर, हेच ते! फिनलंडात हेच करतेत. माणसाच्या नावापुढं त्याची भाषा. आपली मोजदाद व्हायलीय!"

त्यांनी गाव दोनदा पालथं घातलं. प्रत्येक दारात सांगितलं, बाई येतील, विचारतील, मराठी म्हणून सांगा. सगळे म्हणाले, "व्हय गुर्जी."

विचारायला आली ती रेणुका. कलबुर्गीकडची, विशीतली, कानडी शाळेवर तात्पुरती अतिथी शिक्षिका म्हणून लागलेली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिची बस चुकली म्हणून गुरुजींनी मला फोन केला आणि मी तिला मोटरसायकलवरून गावात आणलं. ऊन असं होतं की डांबर टायरला चिकटत होतं.

गुरुजी गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली उभे होते. आत आले नाहीत. "मी पार्टीचा माणूस. मी संगं असलो तर दबाव टाकला म्हणतील," ते मला हळूच म्हणाले. "तू जा, बाईला घरं दाखव." आणि त्यांनी आपली छत्री तिला दिली.

पहिलं घर सोजरबाईंचं. त्यांचा नातू दुसरीत. रेणुकानं कानडीत विचारलं. सोजरबाईंनी तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं, आणि अशा सफाईनं कानडीत उत्तरं दिली की पोरीचा चेहराच खुलला. घरची भाषा? "एरडू री," सोजरबाई म्हणाल्या. म्हणजे दोन्ही. आणि ते खोटं नव्हतं. पण फॉर्मात चौकोन एकच होता. रेणुका पेन धरून थांबली, विचारलं, मग काय लिहू? सोजरबाईंनी तिच्या घामाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "निमगं हेंग अनुकूल, हंग बरकोरी."

तुम्हाला जसं सोयीचं, तसं लिहा.

तिनं कानडी लिहिलं. मुलाला कानडीत घातलं तर चालेल का? "नडीतद री." चालतंय की.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. पाहुणी, एकटी, उन्हातली. तिच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? तिसऱ्या घरी मराठी लिहा म्हणायला मी तोंड उघडलं होतं. इतक्यात माझ्या हातात ताकाचा पेला आला, आणि मी ताक प्यालो. मला वाटलं, गुरुजी बघून घेतील.

गुरुजींना लिंबाखालून शब्द ऐकू येत नव्हते. त्यांना फक्त दारादारातून हसण्याचे आवाज येत होते आणि कानडीचा सूर. मी एकदा त्यांच्याकडे गेलो. ते इतके खूश होते की मला बोलवेना.

"ऐकलंस? एकबी पोरगं अडखळलं न्हाई. सोजरबाईसुद्धा! तिचा नवरा माझ्या शनिवारच्या वर्गाला होता. घरात शिकिवलेलं दिसतंय."

शेवटचं घर गुरुजींचं. शांताक्कांना माहेरच्या भाषेतली पोर भेटली, त्यांनी तिला जेवूनच पाठवलं. गुरुजींनी मात्र तिला कानडीतच, अगदी स्वच्छ सांगितलं, आमचं घर मराठी. ती हसून म्हणाली, सर, तुम्ही तर माझ्यापेक्षा छान कानडी बोलता. गुरुजी लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. मराठीपुढे एकच घर होतं. गुरुजींचं. त्या घरात शाळेत जाणारं मूल नव्हतं.

ते यादीसमोर किती वेळ उभे होते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा ते प्रत्येक नाव बोटानं वाचत होते, वर्गात हजेरी घ्यावी तसे.

सुभाष कोळारहून रजा काढून आला. त्याची मुलगी तिसरीत होती. यादीत त्याच्याही घरापुढे कानडी होतं; त्याच्या आईनंही 'एरडू' म्हणून सांगितलं होतं. तो आईवर ओरडला, गल्लीत ओरडला, मग गुरुजींच्या ओसरीवर आला.

"आमाला कामून असं केलात, गुर्जी?"

"मी काय केलो?"

"चांगलं वागायला शिकिवलात. भांडायला न्हाई शिकिवलात."

शांताक्कांनी सुभाषला पाणी दिलं. त्यानं ते घेतलं नाही.

पण सुभाष नुसता चिडून बसणारा नव्हता. तो कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, विचारणी चुकीची झाली असं लेखी द्या, पुन्हा करू. ज्या बाईनं केली तिच्यावर कारवाई होईल. तक्रार माझ्याच दुकानात टाइप झाली. सुभाष सह्यांना फिरला. लोक म्हणत, "त्या पोरीचं काय चुकलं? आमीच सांगितलं लिहा म्हणून. तिची नोकरी जाईल की." तरी त्यानं अकरा सह्या आणल्या. पहिली ओळ गुरुजींसाठी मोकळी ठेवली. त्यांच्या सहीशिवाय त्या कागदाला वजन नव्हतं.

कागद गुरुजींच्या हातात होता आणि मी तिथे बसलो होतो, तेव्हाच रेणुका आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती रडली नाही, गयावया केली नाही. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. कानडीत विचारलं, सर, मी कुणाला जबरदस्ती केली का? त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. माझी चूक कुठे झाली, मला सांगा, पुढच्या गावात होणार नाही.

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं, मग सुभाषकडे.

"चूक न्हाई," ते तिला कानडीत म्हणाले. मग तेच मराठीत म्हणाले, पण ते सुभाषला.

"गुर्जी, शाळा जाईल," सुभाष म्हणाला.

"व्हय."

"एक सही हाय निस्ती."

"ती सही ह्या पोरीच्या गळ्यावर हाय, सुभाष. खोटी सही मी कशी करू? तिनं विचारलं, आपुन सांगितलं."

"तुमच्या त्या फिनलंडात शाळा अशी जाऊ दिले असते का?"

"तिथली माणसं आपली भाषा सांगतेत," गुरुजी म्हणाले. "आपुन समोरच्याची सांगतो."

सुभाष उठला आणि गेला. 'आम्ही इथलेच' हा पक्ष त्या ओसरीवर संपला. विसर्जनाचा ठराव वगैरे काही झाला नाही. गुरुजींनी कागदाची घडी घातली, रेक्झिनच्या पिशवीत ठेवली. पुढे ती पिशवी घेऊन ते कुठे गेलेले मला दिसले नाहीत. माझ्या दुकानावर येणं बंद झालं. रस्त्यात पोरं स्वीडनात पाऊस झाला का विचारायची, ते 'व्हय' म्हणून पुढे जायचे. थोड्या दिवसांनी पोरांनीही विचारणं सोडलं. बीदरला असलेल्या त्यांच्या मुलानं त्यांना आणि शांताक्कांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शाळेत. मुलांना दुसऱ्या शाळेत जायला दाखले लागणार होते. छापील फॉर्म माझ्याकडून गेले, एकोणीस. शाळेवर राहिलेल्या एकट्या शिक्षकाचीही बदली झाली होती, सामान बांधायचं होतं, अक्षर वाईट होतं. त्यानं गुरुजींना विनंती केली, तुम्ही भरून द्या, मी खाली सही करतो. म्हणून गुरुजी त्या खोलीत जुन्या टेबलाशी बसले होते. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरात. प्रत्येक अक्षर असं की कुणी गिरवायला घ्यावं.

शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचे कारण. तिथं ते थांबले.

"काय लिहू? शाळा बंद झाली?"

"तसं चालत न्हाई, गुर्जी," शिक्षक म्हणाला. "कागदावर शाळा बंद न्हाई. वरून सांगितलंय, 'पालकांच्या विनंतीवरून' लिहा. यादीत तसंच हाय."

गुरुजींनी लिहिलं. पालकांच्या विनंतीवरून. दुसऱ्या दाखल्यावर, तिसऱ्या दाखल्यावर. शाई सुकावी म्हणून प्रत्येक दाखल्यावर फुंकर घालत आणि बाजूला ठेवत. दारात आईबाप उभे होते. एकेक जण येई, दाखला घेई, न वाचता घडी घाली. सोजरबाई म्हणाल्या, "किती गोड अक्षर काढलाव, गुर्जी."

सगळ्यांत शेवटी सुभाष आला. त्यानं दाखला घेतला आणि वाचला. सगळा वाचला, वरपासून.

"मी कधी केली विनंती?"

"न्हाई केलास," गुरुजी म्हणाले. त्यांनी दाखल्यासाठी हात पुढे केला. "तुझ्यापुरतं खोडतो."

सुभाषनं दाखला दिला नाही. तो मुलीच्या नावाकडे बघत होता.

"खोडलेला दाखला दुसऱ्या शाळेत घेत न्हाईत, गुर्जी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. दाखल्याची घडी न घालता, शाई पुसली जाऊ नये म्हणून दोन्ही हातांत सपाट धरून, तो बाहेर गेला.

गुरुजींचा हात तसाच पुढे होता. टेबलावर आता एकही कागद नव्हता. शिक्षक दुसऱ्या खोलीला कुलूप लावत होता, आणि मी दारात उभा राहून गुरुजींच्या उठण्याची वाट बघत होतो.